पचनमार्गातील आयन-वाहिन्या

पचनमार्गातील आयन-वाहिन्या म्हणजे अन्ननलिका, जठर, लहान व मोठे आतडे यांच्या पेशींच्या पटलांत बसलेली आणि सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम यांसारख्या विद्युतभारित कणांना आत-बाहेर जाऊ देणारी प्रथिने होत. ही प्रथिने आतड्याच्या अस्तरात, त्याच्या स्नायूंत आणि त्यात पसरलेल्या चेतातंतूंत असतात. आतड्यात किती पाणी पाझरावे आणि किती शोषले जावे, जठरात आम्ल कसे तयार व्हावे, आतड्याने कोणत्या लयीत आकुंचन पावावे आणि पोटातील कळ मेंदूपर्यंत कशी पोहोचावी, या सर्व गोष्टी त्यांच्या उघडझापीवर अवलंबून असतात. पटकी (कॉलरा), रोटाव्हायरसमुळे होणारा बालकांचा अतिसार, सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक रोग आणि बद्धकोष्ठाचे काही प्रकार यांत या वाहिन्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो. अतिसारावर दिली जाणारी जलसंजीवनी (ओआरएस) उपयोगी का पडते, याचे उत्तरही याच विषयात आहे.

स्वरूप आणि परिभाषा

पेशीचे पटल स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असते. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात. स्निग्ध थरातून ते आपोआप पार होऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात तीन प्रकारची प्रथिने असतात. पंप हा ऊर्जा खर्चून आयनांना चढाच्या दिशेने, म्हणजे कमी प्रमाणाकडून अधिक प्रमाणाकडे ढकलतो. वाहिनी ही केवळ वाट असते. ती उघडली की आयन उताराच्या दिशेने आपणहून धावतात, आणि एका वाहिनीतून सेकंदाला लक्षावधी आयन जाऊ शकतात. वाहक हा तिसरा प्रकार दोन किंवा अधिक पदार्थांना एकमेकांच्या जोडीने किंवा बदल्यात नेतो. मराठी लेखनात या तिघांना सरसकट ‘वाहिनी’ म्हणण्याची प्रवृत्ती आढळते. ती टाळणे इष्ट आहे, कारण पटकीत उघडी राहते ती वाहिनी आणि रोग्याला वाचवतो तो वाहक, हा भेद पुसला गेला तर पुढचे विवेचन समजत नाही.

एकाच वाहिनीतून जाणारा अत्यल्प विद्युतप्रवाह मोजण्याची रीत एर्विन नेहर आणि बर्ट साकमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पोटॅशियम वाहिनीची रचना अणूंच्या पातळीवर दाखवणारे रॉडरिक मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पाण्याच्या वाहिन्यांचे संशोधक पीटर ॲग्रे यांच्यासह देण्यात आले.

आतड्यातील पाण्याचा हिशोब

निरोगी प्रौढ माणसाच्या लहान आतड्यात दररोज सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातला सुमारे २ लिटर भाग खाण्यापिण्यातला असतो. उरलेला ७ लिटर भाग लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडरस आणि आतड्याचा स्वतःचा रस यांचा असतो. यातील बहुतेक द्रव लहान आतडे परत शोषून घेते, उरलेल्यातला बराचसा मोठे आतडे घेते आणि मलावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. एवढ्या मोठ्या उलाढालीत थोडाही बिघाड झाला तरी तो लगेच दिसतो. शोषण मंदावले किंवा पाझर वाढला की अतिसार होतो. उलट झाले की बद्धकोष्ठ.

पाण्याला स्वतःचा पंप नसतो. ते मिठाच्या मागे जाते. शरीरशास्त्रात या क्रियेला तर्षण म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवल्यावर सुटणारे पाणी हे त्याचे घरगुती उदाहरण होय. आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात. रसांकुरांच्या टोकाकडील पेशी मुख्यतः सोडियम शोषतात आणि त्याबरोबर पाणी रक्तात जाते. रसांकुरांच्या बुडाशी असलेल्या खळग्यांतील पेशी क्लोराइड बाहेर सोडतात, त्यामागोमाग सोडियम आणि पाणी आतड्याच्या पोकळीत येते. हा पाझर अन्न पातळ ठेवण्यासाठी आणि अस्तर ओले राहण्यासाठी आवश्यक असतो. क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या मुख्य वाहिनीला सीएफटीआर असे संक्षिप्त नाव आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात सोडियमसाठी स्वतंत्र वाहिनी असते. तिचे काम अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या नियंत्रणाखाली चालते. आतड्याला व्रण पडून सूज येणाऱ्या कोलायटिसमध्ये हे शोषण क्षीण होते, आणि त्या रोगातील पातळ जुलाबांचे ते एक कारण आहे.

पटकी

पटकीला महाराष्ट्रात ‘महामारी’ असेही म्हटले जाई आणि गावोगावच्या वेशीवरील मरीआईची ठाणी तिच्या दहशतीची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकातील सरकारी आरोग्य अहवालांत पंढरपूरची वारी आणि पटकीची साथ यांचा उल्लेख वारंवार जोडीने येतो. हजारो माणसे एकाच नदीचे पाणी पीत आणि त्याच नदीकाठी शौचाला बसत, एवढे कारण त्याला पुरेसे होते. आजही आळंदी आणि देहूहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्कामी असताना आणि पुढे पंढरपूरच्या वाटेवर, विहिरी व टँकर यांच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकणे आणि ओटी चाचणीने क्लोरिनचा अंश तपासणे हे आरोग्य कर्मचाऱ्यांचे महत्त्वाचे काम असते.

रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीच्या जंतूंचा संबंध रोगाशी जोडून दाखवला. (हा जंतू इटलीत फिलिप्पो पाचिनी याने १८५४ मध्येच पाहिला होता, परंतु त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते.) त्यानंतरही जंतू माणसाला मारतो कसा, हे पाऊणशे वर्षे नीट कळले नव्हते. जंतूचे विष रक्तात भिनते, किंवा आतड्याचे अस्तरच सोलून निघते, असे समज प्रचलित होते. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडले, तेव्हा तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला नुसता द्रव वापरूनही तोच परिणाम होतो हे ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले. म्हणजे जंतू बाहेर टाकत असलेले विषच आतड्यातून पाणी खेचून आणत होते. अत्यंत साध्या साधनांनी केलेल्या या शोधाचे मोल त्यांच्या हयातीत देशात फारसे ओळखले गेले नाही. डे १९८५ मध्ये निवर्तले.

पुढील संशोधनातून या विषाचे कार्य पायरीपायरीने उलगडले. विषाचा एक भाग अस्तरपेशीच्या पृष्ठावरील जीएम१ नावाच्या शर्करायुक्त स्निग्ध रेणूला चिकटतो. दुसरा भाग पेशीत शिरून संदेश देणाऱ्या एका प्रथिनाला कायमचे ‘चालू’ स्थितीत अडकवतो. त्यामुळे चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढत जाते आणि सीएफटीआर वाहिनी बंद होण्याचे नाव घेत नाही. क्लोराइड अखंड बाहेर पडते, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी. तीव्र पटकीत प्रौढ रोग्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो. तांदळाच्या धुवणासारखा दिसणारा हा द्रव म्हणजे जवळजवळ रक्तातलेच खारे पाणी असते. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, नाडी लागेनाशी होते आणि उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू येतो. या साऱ्या काळात अस्तर मात्र जवळपास शाबूत असते, आणि उपचाराची शक्यता तेथेच आहे.

प्रवाशांना आणि बालकांना होणाऱ्या अतिसारास कारणीभूत असलेल्या ई. कोलाय जंतूच्या काही जाती दोन प्रकारची विषे तयार करतात. एक पटकीच्या विषासारखेच असते. दुसरे उष्णतेने न मोडणारे विष चक्रीय जीएमपी या वेगळ्या रेणूमार्फत काम करते, पण ते सोडते ती वाहिनी पुन्हा सीएफटीआरच.

जलसंजीवनी

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे एक कल्पना मांडली: आतड्यातील ग्लुकोज पेशीत जाते ते एकटे नव्हे, तर सोडियमचा हात धरून. हे काम करणारा वाहक पुढे एसजीएलटी१ या नावाने ओळखला गेला. तो एका ग्लुकोज रेणूसोबत दोन सोडियम आयन आत घेतो, आणि त्यांच्यामागे पाणीही जाते. पटकीचे विष या वाहकाला हात लावत नाही. क्लोराइडचे दार उघडे पडून पाणी वाहत असतानाही ग्लुकोज आणि सोडियमचे दार व्यवस्थित चालू राहते. म्हणून योग्य प्रमाणात मीठ आणि साखर घातलेले पाणी पाजत राहिले तर जुलाब लगेच थांबले नाहीत तरी शरीर कोरडे पडत नाही, आणि रोग आपल्या मुदतीने बरा होतो.

कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देऊन पटकीचे रोगी बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते, परंतु त्यामागील कारण तेव्हा ठाऊक नसल्याने ते दुर्लक्षित राहिले. ढाक्यात १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णालयात याची शास्त्रीय कसोटी घेतली. खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात सीमेवरील बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या पाण्यात मिसळून ते पाणी पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. तेथील मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले; सलाइन न मिळालेल्या अशा साथींत ते याच्या कितीतरी पट असे. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ‘लॅन्सेट’ने १९७८ च्या संपादकीयात सोडियम आणि ग्लुकोज यांच्या या जोडीच्या शोधाला विसाव्या शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून शिफारस केलेल्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅम क्षार व साखर असते. आधीच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोज दोन्ही अधिक होते. नव्या पातळ द्रावणाने बालकांतील शौचाचे आणि उलट्यांचे प्रमाण कमी होते, असे आढळल्यावर हा बदल करण्यात आला. पोटॅशियम जुलाबांत गेलेल्या पोटॅशियमची भरपाई करते. ते फार घटले तर आतड्याचे स्नायू शिथिल पडून पोट फुगते.

पुडी हाताशी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती प्रमाण सांगितले जाते. ‘सपाट’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शीग लावून भरलेले चमचे घेतले तर द्रावण रक्तापेक्षा घट्ट होते आणि तर्षणाच्या नियमानुसार तेच आतड्यात पाणी ओढते. मीठ जास्त झाल्यास बालकाच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. याच कारणाने बाटलीबंद शीतपेये, डबाबंद फळांचे रस किंवा नुसते साखरेचे पाणी हे जलसंजीवनीचे पर्याय नव्हेत: त्यांत साखर फार आणि सोडियम जवळजवळ नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असले तरी सोडियम कमी असते, त्यामुळे तीव्र अतिसारात केवळ त्यावर विसंबता येत नाही. मीठ घातलेली भाताची पेज मात्र शास्त्राच्या कसोटीवर चांगली उतरते. पेजेतील पिष्ट आतड्यात हळूहळू तुटून ग्लुकोज देते, त्यामुळे द्रावण घट्ट न होता वाहकाला लागणारा पुरवठा चालू राहतो. पटकीच्या रोग्यांत भाताच्या पिठाच्या द्रावणाने शौचाचे प्रमाण घटल्याचे अभ्यासांत आढळले आहे. आजारी माणसाला पेज देण्याची कोकणातील आणि घाटावरील जुनी पद्धत या अर्थाने सयुक्तिक ठरते. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडण्याची तितकीच जुनी पद्धत मात्र घातक आहे, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

जलसंजीवनीसोबत जस्ताची (झिंकची) गोळी द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये केली: सहा महिन्यांवरील बालकांना रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहानांना १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जस्त आतड्याच्या पेशींच्या रक्ताकडील बाजूस असलेल्या पोटॅशियम वाहिन्या रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्या बंद झाल्या की पेशीतील विद्युतदाब बदलतो आणि क्लोराइडला बाहेर ढकलणारा जोर ओसरतो. दुसऱ्या बाजूच्या दारातून पहिल्या दाराला आवर घालण्याचा हा प्रकार आहे.

रोटाव्हायरस आणि पुण्यातील कार्य

रोटाव्हायरसचा शोध १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. पाच वर्षांखालील मुलांतील तीव्र अतिसाराचे ते जगभरातील प्रमुख कारण होते आणि या शतकाच्या आरंभी त्यामुळे दरवर्षी सुमारे ५ लाख बालके दगावत असल्याचा अंदाज होता. हा विषाणू रसांकुरांच्या टोकाकडील पेशी नष्ट करतो, म्हणजे शोषण घटते. शिवाय त्याचे एनएसपी४ नावाचे प्रथिन विषासारखे वागते, हे १९९६ मध्ये दाखवण्यात आले. विषाणूमध्ये असे आंत्रविष आढळण्याची ती पहिली वेळ होती. हे प्रथिन पेशीतील कॅल्शियम वाढवते आणि कॅल्शियममुळे उघडणाऱ्या क्लोराइड वाहिन्यांतून पाझर सुरू होतो. पटकी आणि रोटाव्हायरस यांच्या वाटा अशा निरनिराळ्या असल्या तरी टिकून राहिलेल्या पेशींतील सोडियम-ग्लुकोज वाहक दोन्ही रोगांत उपयोगी पडतो, म्हणून जलसंजीवनी दोहोंतही लागू होते.

या रोगाच्या प्रतिबंधात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले; आतड्यांच्या विषाणूंवर तेथे दीर्घकाळ काम होत आले आहे. दिल्लीतील एका नवजात बालकापासून मिळालेल्या ११६-ई या विषाणूवरून हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेल्या ‘रोटाव्हॅक’ लशीची अंतिम चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे येथे झाली. पुण्याचे काम केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने शिरूर तालुक्यातील वढू परिसरात पाहिले. एकूण ६,७९९ बालकांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून ५६ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. हा आकडा काहींना लहान वाटेल. परंतु ज्या रोगाने खेड्यातले मूल रुग्णालयात पोहोचण्याआधीच दगावते, त्यात निम्म्याहून अधिक गंभीर आजार टळणे ही मोठी गोष्ट आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने ‘रोटासिल’ ही पाच घटकांची लस तयार केली. ती गोठवून वाळवलेल्या भुकटीच्या रूपात असते आणि शीतपेटीबाहेरही टिकते, हा तिचा विशेष. नायजर देशात झालेल्या चाचणीत तिने सुमारे ६७ टक्के संरक्षण दिले (२०१७). जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात रोटाव्हायरसची लस २०१९ मध्ये दाखल झाली.

जठर

जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल हायड्रोजन-पोटॅशियम पंप तयार करतो. तो पोटॅशियम आत घेऊन हायड्रोजन बाहेर टाकतो, आणि त्याला लागणारे पोटॅशियम त्याच पेशीतील पोटॅशियम वाहिन्या पुन्हापुन्हा पुरवतात. ओमेप्राझोल आणि त्याच्या जातीच्या गोळ्या हा पंप बंद पाडतात. मराठी बोलीत आम्लतेला ‘पित्त झाले’ असे म्हणतात, पण शरीरशास्त्रातील पित्त यकृतात तयार होते आणि त्याचा या आम्लाशी संबंध नाही.

हालचाल आणि वेदना

आतड्याच्या भिंतीत काहाल पेशी नावाच्या विशेष पेशींचे जाळे असते. रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञावरून त्यांना हे नाव मिळाले. कॅल्शियममुळे उघडणाऱ्या एका क्लोराइड वाहिनीच्या (एएनओ१) बळावर या पेशी लयबद्ध विद्युतलहरी निर्माण करतात: जठरात मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे १२. स्नायूंचे आकुंचन स्वतः कॅल्शियम वाहिन्यांवर अवलंबून असते. म्हणूनच रक्तदाबावरील काही कॅल्शियमरोधक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते. हृदयाच्या ठोक्यांशी निगडित असलेली सोडियम वाहिनी आतड्यातही असते. क्षोभी आतड्याच्या (आयबीएस) सुमारे २ टक्के रोग्यांत तिच्या जनुकात उत्परिवर्तन आढळले आहे.

मिरचीचा तिखटपणा ही खरे पाहता चव नसून वेदना आहे. मिरचीतील कॅप्सायसिन चेतातंतूंवरील टीआरपीव्ही१ ही वाहिनी उघडते. हीच वाहिनी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने आणि आम्लानेही उघडते, त्यामुळे मेंदूला ‘भाजले’ असाच निरोप जातो. ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘पोळते’ असे मराठीत म्हणतात ते म्हणून अक्षरशः खरे आहे. ही वाहिनी गुदद्वारापर्यंतच्या संपूर्ण मार्गात असल्याने लवंगी मिरचीचा प्रताप दुसऱ्या दिवशीही जाणवतो. डेव्हिड ज्युलियस यांनी ती १९९७ मध्ये ओळखली. दाबाची संवेदना देणाऱ्या पिझो वाहिन्यांचे संशोधक आर्डेम पटापूटियन यांच्यासह त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्षोभी आतड्याच्या रोग्यांच्या मोठ्या आतड्यात टीआरपीव्ही१ असलेले तंतू अधिक आढळतात, आणि त्यांना साध्या वायूनेही असह्य कळ का येते याचे अंशतः स्पष्टीकरण त्यातून मिळते. पुदिन्यातील मेंथॉल थंडाव्याची वेगळी वाहिनी उघडते आणि स्नायूंतील कॅल्शियम वाहिन्याही रोखते. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल या विकारात वापरल्या जातात.

सिस्टिक फायब्रोसिस आणि औषधे

पटकीत सीएफटीआर वाहिनी बंद होत नाही. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ती उघडत नाही किंवा तयारच होत नाही. या वाहिनीचे जनुक १९८९ मध्ये सापडले आणि या रोगावरूनच वाहिनीला नाव मिळाले. स्राव घट्ट होतात, स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात, अन्न पचत नाही आणि मूल खाऊनही वाढत नाही. काही नवजात बालकांचा पहिला मल इतका चिकट असतो की आतडे अडते. घाम अतिशय खारट असतो, त्यामुळे उष्ण प्रदेशात अशा मुलांना क्षार कमी होण्याचा जादा धोका असतो. भारतात हा रोग नाही, असा समज दीर्घकाळ होता. तो असतो, पण वारंवारचा खोकला आणि जुलाब असलेल्या मुलांत क्षय किंवा कुपोषण गृहीत धरले गेल्याने निदान हुकते. वाहिनीच उघडणारे आयव्हाकाफ्टर हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये आणि तीन औषधांचा एकत्रित उपचार २०१९ मध्ये मान्य झाला. त्यांची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची आहे.

दक्षिण अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाल चिकापासून मिळालेले क्रोफेलेमर क्लोराइडच्या दोन्ही प्रकारच्या वाहिन्या रोखते आणि एचआयव्ही रोग्यांच्या अतिसारासाठी वापरले जाते. उलट लिनाक्लोटाइड हे बद्धकोष्ठावरील औषध ई. कोलायच्या उष्णतासह विषाची नक्कल करून सीएफटीआर उघडते. जे विष जुलाब लावते, त्याचेच मोजके अनुकरण येथे औषध झाले आहे.

पुण्यातील २०२५ ची साथ

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुलियन-बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकाएकी वाढले. पुढील काही आठवड्यांत ही संख्या २०० च्या वर गेली आणि काही रुग्ण दगावले. हातापायांतील शक्ती जाणे, चालता न येणे आणि गंभीर रुग्णांत श्वासाचे स्नायू निकामी होणे ही या आजाराची लक्षणे आहेत. अनेक रुग्णांना त्याआधी जुलाब होऊन गेले होते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या शौच-नमुन्यांपैकी काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आणि काहींत नोरोव्हायरस आढळला. परिसरातील पिण्याच्या पाण्याकडे संशयाने पाहिले गेले आणि विहिरी, टँकर व खासगी जलशुद्धीकरण केंद्रांचे पाणी तपासण्यात आले.

आतड्याच्या रोगाचा पायातील शक्तीशी संबंध येतो तो पटकीच्या संदर्भात वर आलेल्या जीएम१ रेणूमुळे. हा रेणू आतड्याप्रमाणेच चेतातंतूंवरही असतो. कॅम्पायलोबॅक्टरच्या काही जातींच्या पृष्ठभागावरील शर्करा त्याच्यासारख्या दिसतात. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ही फसगत होऊन स्वतःच्या चेतातंतूंवर हल्ला करतात. चेतातंतूवरील वेष्टन ठरावीक अंतरावर खंडित असते आणि त्या उघड्या जागी सोडियम वाहिन्या दाटीने असतात. तेथेच प्रत्येक विद्युतसंदेश नव्याने उचलला जातो. सशांवरील प्रयोगांत या प्रतिपिंडांमुळे तेथील सोडियम वाहिन्यांचे पुंजके विस्कटलेले दिसले. संदेश पुढे जात नाही आणि स्नायू ढिला पडतो.

या अवस्थेत जंतू बहुधा शरीरातून गेलेला असतो, म्हणून उपचार प्रतिपिंडांवर करावा लागतो. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तद्रव बदलणे हे दोन मार्ग आहेत, आणि श्वास अडल्यास कृत्रिम श्वसनयंत्राची गरज पडते. बहुसंख्य रुग्ण बरे होतात, परंतु चालण्याची शक्ती परत येण्यास काहींना आठवडे, तर काहींना अनेक महिने लागतात. कॅम्पायलोबॅक्टर मुख्यतः कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कोंबडीचे मांस, न तापवलेले दूध आणि दूषित पाणी यांवाटे पसरतो. पाणी खळखळून उकळल्यास आणि क्लोरिनची योग्य मात्रा ठेवल्यास तो मरतो.